पाठीतलं पाणी

माझं माहेर अन् सासर दोन्ही किनवटकडचं, पैनगंगेच्या अंगाला, सागाच्या रानातलं. पाचवीपर्यंत शिकले, पुढची शाळा दुसऱ्या गावाला, वाटंत नाला, माय म्हणली बस झालं. वाचता येतं मला, पण हळू, बोट ठेवून. लग्न झालं अन् मालक, म्हणजे आमचा नवरा, मला घेऊन इकडं वाळूजला आले, कंपनीत प्रेस मशीनवर. पत्रा ठेवायचा, वरून मशीन दाबती, त्याचा पार्ट होतो. मी कामगार पोरांचे डबे करते. इथं आमचं नात्यातलं कोणी नाय, जे काय हाय ते शेजार.

काय सांगू ताई तुम्हाला, आधी नुसती पाठ दुखायची. वजन उचलून सगळ्याच कामगारांची दुखती, आम्हीबी तेच समजलो, तेल लावून चोळत बसलो. मग एक दिवस खोकलताना बरगडीच मोडली. खोकल्यानं कुठं बरगडी मोडती का? संभाजीनगरच्या दवाखान्यात रक्त तपासलं, हाडातला मगज तपासला, अन् म्हणले मायलोमा हाय, कॅन्सर, मगजातला. औषधं सुरू झाली अन् लागू पडली बघा. मालक पुन्हा शिफ्टची बस धरायला लागले. मी म्हणलं, चला, सरलं संकट.

मग दिवाळी झाली अन् हनुवटी बधिर पडली. दाढी करताना कापलं, रगत आलं, ह्यांना पत्ताच नाय. मग एकाचे दोन दिसायले. मला म्हणत्यात, दोन-दोन बायका दिसायल्यात, एक भांडायलीय, दुसरीला तरी चहा कर म्हण. हसले मी, आत जाऊन रडले. तोंड एका अंगाला ओढलं तसं शेजारी म्हणले अंगावरनं वारं गेलं, झाडपाला देणारा माणूस हाय, तिकडं न्या. पण दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई म्हणल्या, वारं नाय, आजार डोक्याकडं गेला का ते बघायचंय, पाठीच्या मणक्यातनं पाणी काढावं लागंल.

आमच्याकडं पाठीतलं पाणी काढलं म्हणजे माणूस लुळा पडला नायतर संपला, असंच समजत्यात. गावातल्या एकाच्या डोक्यात ताप गेला होता, नांदेडला नेऊन पाणी काढलं, तो काय परत आला नाय, तवापासून सगळ्यांनी धसकाच घेतलाय. मालकाच्या थोरल्या भावाला फोन लावला, तर भाऊजी म्हणले, खबरदार सही केलीस तर, माझा भाऊ जितका हाय तितका राहू दे, गाडी करून घरी आण. मी म्हणलं, तुम्ही तरी या. तर म्हणले, कापूस वेचणीला आलाय. आता बोला!

मी जाऊन डॉक्टरीण बाईंना सांगितलं, नाय काढायचं पाणी. त्या चिडल्या नायत. म्हणल्या, थोडंसंच काढतो, अंगात ते पुन्हा तयार होतं, अन् तुमच्या गावचा माणूस तापानं गेला असंल, पाण्यानं नाय. मला पटायलं बी अन् भ्याव बी वाटायलं.

मालक पडल्या-पडल्या ऐकत होते. म्हणले, ऐक सुमन, आमच्या प्रेसला दोन बटनं असत्यात, लांब-लांब. दोन्ही हातांनी दाबल्याबिगर मशीन खाली येत नाय, म्हणजे कोणाचा हात आत सापडत नाय. हितंबी तसंच. एक बटन माझं, एक तुझं. तू नाय म्हणलीस तर उद्या गावाला जाऊ, तुला बोल लावणार नाय. पण व्हय म्हणलीस अन् माझं काय झालं, तर दोष तुझ्या एकटीचा नाय, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. अन् खरंच भावाला फोन लावून म्हणले, दादा, आम्ही दोघांनी ठरवलंय. मग मी सही केली.

कुशीवर वळवलं त्यांना, गुडघे पोटाशी. मी पडद्याबाहेर उभी, देवाचं नाव बी आठवंना. बाटलीतलं पाणी दाखवलं मला, नितळ होतं, झऱ्याचं असावं तसं. मला वाटलं, एवढ्या नितळ पाण्यात काय असणार. पण तपासल्यावर त्यातच आजार सापडला. मालक लुळे पडले नायत, उठून बसले, वरणभात मागितला. पण आजार डोक्याच्या अन् मणक्याच्या पाण्यात पसरला होता, ते काय खोटं नव्हतं.

आता त्याच वाटेनं पाठीत औषध सोडत्यात. डॉक्टरीण बाईंनी लपवलं नाय, म्हणल्या, हे बरं करायला नाय, चार दिवस बरे जावेत म्हणून. मी किती दिवस ते विचारलं नाय. लई उपकार त्यांचे, माझ्यासारखीला खुर्ची देऊन समजावलं.

कापूस झाल्यावर भाऊजी वाळूजला आले. मालकांचं भान आताशा येतंय-जातंय, पण त्या दिवशी चांगले शुद्धीवर होते, दोघं भाऊ दुपारभर नदीतले मासे, मास्तरच्या छड्या, काय-काय बोलत बसले. दुसऱ्या दिवशी मालकांनी त्यांना ओळखलं नाय. भाऊजी बाहेर ओट्यावर येऊन बसले. मला वाटलं, आता सहीवरनं बोलणार. तर म्हणले, बाई, तू जेवलीस का?

भीती वाटती, कशाला खोटं बोलू. पण जेवढे दिवस हायत तेवढे, गावाला न नेता, इथंच त्यांचं करायचं ठरवलंय. भात मऊ कालवून भरवते, कधी दोन घास घेत्यात, कधी तोंडच उघडत नायत. तुम्ही एवढं ऐकून घेतलंत ताई, तुमच्या घरची माणसं धडधाकट राहू देत. उठते आता. त्यांची जागं व्हायची येळ झाली, डोळे उघडल्यावर मी दिसले नाय तर घाबरत्यात.