युफोर्बियाचं पाणी

डोणगावहून निघालेल्या एसटीत मंजुश्रीच्या पुढच्या बाकावर उकंडराव आणि आशाबाई बसले होते. लेकीकडे आठ दिवस राहायला चालले होते.

"युफोर्बियाचं हे दुसरं रोप बी सडलं त नर्सरीवाला हासन आपल्याले," आशाबाई म्हणाल्या.

"त्यानं त सांगतलं होतं, बुटकं झाड हाय, बारा महिने हिरवं राह्यते, पाणी कमीच द्या."

"मंग पह्यलं काऊन सडलं?"

"मले काय मालूम? मी त रोज सकाळी बादलीभर टाकत होतो."

"तुमी?"

"तुह्या ध्यानात राह्यत नाही म्हणून."

"अहो, तुमच्या ध्यानात राह्यत नाही म्हणून मी रोज संध्याकाळी टाकत होती!"

मंजुश्रीने ओढणी तोंडाशी धरली.

"जाऊ दे. आता आपण घरी नाही, थ्ये सुखानं जगन."

"हाव. पण मी शेजारच्या बनाबाईले सांगून आली, दोन टाइम पाणी टाकजा म्हणून."

"काय बोलतं! मी समोरच्या शंकररावाले सांगतलं, नळ आला का पाइपच लावून ठेवा."

दोघंही एकदम उठले.

"कंडक्टर साहेब, गाडी थांबवा हो!"

"काय झालं, बाबा?"

"घरी एक जण बुडून राह्यला!"