सलोनीचे तालिबान

अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या डोळ्यांच्या दवाखान्यात निवृत्त चंद्रशेखरकाका नंबराची वाट बघत होते. शेजारी एक मराठी जोडपं बसलं होतं. डोळ्यांतल्या थेंबांमुळे दोघांनाही धूसर दिसत होतं. बोलणं मात्र खणखणीत होतं.

“एव्हाना सलोनीची पीएचडीची तोंडी परीक्षा संपत आली असेल.”

“तालिबानच्या नेत्यांवर पीएचडी करणारी आपल्या घराण्यात पहिलीच.”

“मी नागपूरला ताईला ‘इतिहास’ एवढंच सांगितलंय.”

“मी सगळं सांगितलं. पहिला मुल्ला ओमर, मग मन्सूर, मग अखुंदजादा. पाठ आहेत मला, अहो.”

“माझ्या मावश्या पाठ नाहीत तुला.”

“त्यांच्यावर पोरीने प्रबंध नाही लिहिला. मला धास्ती एकाच प्रश्नाची आहे. ओमर वारल्याचं दोन वर्षं लपवलं, तरी संघटना चालली कशी?”

“मग?”

“मी म्हटलं, आपल्या इथल्या मराठी मंडळाचं उदाहरण दे. मागे अध्यक्ष आठ महिने पुण्याला होते, पत्रकं त्यांच्याच सहीने निघत होती. कुणाला कळलं?”

“प्रोफेसरांसमोर मंडळ? यार, नापास होईल ती.”

फोन वाजला. मेसेज दोघांनाही वाचता येईना.

“एक्स्क्यूज मी सर, कॅन यू रीड धिस?”

काकांनी फोन घेऊन वाचलं, “आई, आय पास्ड. युवर मंडळ एक्झाम्पल कन्व्हिन्स्ड देम.”

“बघा, अहो! डॉक्टर झाली माझी पोर. आणि सर, तुमचा ‘ळ’ फार चांगला आहे. मराठी का?”

“हो. अभिनंदन. पुण्याला मी आठ नव्हे, नऊ महिने होतो. पत्रकं छान निघायची.”