एक ‘कै.’ जास्त

—नाही हो मावशी, कुणाच्या खुर्चीला काही चिकटवायला नाही आलो, हे बघा, हात मोकळे आहेत — बरं, मोकळे नाहीत, एकात काळ्या रंगाचा डबा आहे आणि दुसऱ्यात ब्रश, पण रंगाऱ्याच्या हातात दुसरं काय असणार, पुष्पगुच्छ? सभागृहाची किल्ली द्या. दहा मिनिटं. आत जातो, बाहेर येतो, किल्ली परत तुमच्या कमरेला. मोठ्या बाईंनी बजावलंय, ठाऊक आहे मला — "तो म्हातारा आला तर पाहुणे येईपर्यंत त्याला आत सोडायचं नाही" — असंच म्हणाल्या ना? त्यांच्या आवाजात म्हणून दाखवू? राहू दे. आज आवाज लागत नाहीये माझा.

काम काय म्हणजे — गौरवफलकावर रंगाचा ओघळ आलाय. एवढासा, कोपऱ्यात. आता वर्षभर पोरांनी जे जे केलं ते सगळं त्या एका फळ्यावर आहे — पोरींनी धावून आणलेली ढाल, ते विज्ञानाचं यंत्र, जे परीक्षकांसमोर हलेना आणि एका पोरीनं लाथ घातल्यावर गरगरा फिरलं, बक्षीस यंत्राला मिळालं की लाथेला कोण जाणे — आणि पाहुणे दोरी ओढणार, पडदा सरकणार, आणि पहिल्यांदा काय दिसणार? ओघळ! शोभतं का? — असं बघू नका. — काय? परवा फळा टांगताना शिडी तुम्हीच धरली होती आणि ओघळ नव्हता? भलतीच तिखट नजर तुमची. बरं. ओघळ नाही. एक अक्षर चुकलंय.

हसा. हसा, हसलात तरी चालेल, हसत हसत किल्ली द्या. मला कळतंय तुम्हाला काय आठवलं — ‘शिक्षक कक्ष’च्या जागी मी ‘शिक्षा कक्ष’ लिहून ठेवलं होतं, आठ दिवस पोरं दारावरून वाकून नमस्कार करत जायची. आणि वाचनालयात ‘शांतता राखा’चं ‘शांतता राख’. मोठ्या बाईंनी मला बोलावून झापलं, पण झापताना रुमाल तोंडावर होता आणि रुमालामागं काय चाललं होतं ते मी बघितलं. सगळं गाव म्हणतं, म्हातारा वात्रट आहे, त्याच्या हाती पाटी दिली की तो काहीतरी खोडी काढणारच. बरोबर. पण आजची खोडी नाही मावशी. गळ्याची शपथ — माझ्या गळ्याची, तुमच्या नाही.

ऐका. साडेतीन झाले. सगळी शाळा स्वच्छता फेरीला गेलीय, शिक्षकांसकट, चारला पाहुण्यांना घेऊन परत येतील. म्हणजे अर्धा तास, त्यातले पाच तर तुम्ही नुसत्या बघण्यात घालवलेत. आता नीट सांगतो. या शाळेतलं प्रत्येक बक्षीस कुणा ना कुणा गेलेल्या माणसाच्या नावानं आहे. ढाल कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, निबंध कै. तमुक यांच्या स्मरणार्थ — आणि ती पटकावणारी पोरं सगळी कु. कुमार असो, कुमारी असो, कु.च. म्हणजे एका बक्षिसात एक गेलेला आणि एक असलेला. अकरा बक्षिसं. आता अकरा वेळा तीच अक्षरं कोण काढत बसणार? मी साचे कापून ठेवलेत, जुन्या एक्स-रेच्या फिल्मचे. कुणाच्या तरी बरगड्यांवर ‘कै.’ आणि कुणाच्या तरी गुडघ्यावर ‘कु.’ दोन्ही साचे स्टुलावर शेजारी शेजारी — गुडघा उचल, रंग मार, बरगड्या उचल, रंग मार. आणि एकदा — एकदाच हो — गुडघ्याच्या जागी बरगड्या उचलल्या.

कळलं? शाळेत जाणाऱ्या पोरीच्या नावामागं कै. लागलाय. काळ्या फळ्यावर, सोनेरी रंगात. आणि ती पोर कुठली? तीच. जी चौदा दिवस दवाखान्यात पडून आहे, जिचं डोक्याचं उद्या सकाळी ऑपरेशन आहे. आणि बक्षीस घ्यायला तिची आई येणार आहे. दवाखान्यातून थेट. पडदा सरकला की ती आई काय वाचणार, मावशी?

आता हसत नाही तुम्ही.

मला कळलं कधी? आज जेवताना. फळ्याला हात लावायच्या आधी मी सगळं खाकी कागदावर मांडून बघतो, मग त्यावरून जसंच्या तसं फळ्यावर उतरवतो. आमची ही आठ दिवस बहिणीच्या बाळंतपणाला — म्हणजे बहिणीच्या सुनेच्या, बहीण सत्तरीची आहे — गेली होती, आज सकाळी आली. आली तशी डबे घासायला काढले, आणि डब्यांखाली अंथरायला तोच कागद उचलला. उचलला आणि थांबली. म्हणाली, "अहो, ही पोर गेली कधी?" मी म्हटलं, कोण पोर? म्हणाली, "तुमची मास्तरीण." ताट तसंच सारलं. ती पुढं काहीतरी बोलत होती, ते ऐकायला मी थांबलोच नाही — डबा घेतला, सायकल घेतली.

मास्तरीण म्हणजे — मीच ठेवलेलं नाव. शाळेचा तो उपक्रम नाही का, शनिवारी पोरांनी म्हाताऱ्यांच्या घरी जायचं, पेपर वाचून दाखवायचा, कुणाला औषधाची चिठ्ठी, कुणाला लेकाचं पत्र. ती माझ्याकडे यायची. नववीतली पोर, ही एवढी उंच, आवाज असा की बातमीतला चोरसुद्धा सुधारावा. पहिल्या दिवशी म्हणाली, आजोबा, मथळे तुम्ही वाचा, खालचं मी वाचते. मी म्हटलं चष्मा सापडत नाही. दुसऱ्या शनिवारी म्हणाली, चष्मा तर डोक्यावर आहे. तिसऱ्या शनिवारी काही म्हणाली नाही, दप्तरातून पाटी काढली. नव्या युगाची पोर, पाटी कुठून आणली काय माहीत, आणि त्यावर —

ते जाऊ द्या. किल्ली.

तिला तिच्या त्या वाचनाचंच बक्षीस आहे. आणि ती पडली ती — ती माझ्याच घरून निघाली होती हो त्या दिवशी. साडेपाचला निघायची. मी तिची एक चप्पल लपवली. गंमत! पाण्याच्या टाकीमागं. ती शोधतेय, मी म्हणतोय मांजरानं नेली, मांजराला शाळेत जायचंय — ती हसतेय, मी हसतोय, सहा वाजले. मग चप्पल दिली. मग ती पळत सुटली, आई वाट बघत असेल म्हणून, आणि कोपऱ्यावर तो टेम्पो — कुणाला सांगितलं नाही मी हे. हिला पण नाही. तुम्हाला का सांगितलं? विसरून जा. त्या आईला वाटतं पोरीलाच उशीर झाला. माझ्यासमोर म्हणाली, "वेंधळी आहे हो माझी." मी मान हलवली. मान हलवली मी, मावशी! आणि आता चप्पल लपवली त्याच हातानं तिला कै. करून टांगून ठेवलंय.

द्या. — पाया पडू? गुडघे दुखतात पण पडतो. — हां, आली हातात. अशा शहाण्या. मोठ्या बाईंनी विचारलं तर सांगा हिसकावून घेतली.

आता तुम्ही पण चला. — का म्हणजे? चला ना. मला तुम्ही ते नाव दाखवायचंय फक्त. बोट ठेवायचं, बाकी मी करतो. — अहो, फळा मीच रंगवला, खरं आहे, पण रंगवणं वेगळं आणि — मला कै. ओळखता येतो! लांबूनसुद्धा ओळखता येतो, साचा माझा आहे! पण तिथं बारा कै. आहेत मावशी, अकरा खरे आणि एक ती, आणि सगळं सलग लिहिलंय, एक बक्षीस कुठं संपतं तेही कळत नाही, क्रम नाही, बाईंनी सुचेल तसं लिहून दिलंय, कुठं देणारा आधी, कुठं घेणारा आधी — त्यातली जिवंत कुठली ते मला — ते मला वाचता येत नाही.

हं. नाही येत. दुसरीत सुटलो. चित्र काढावं तशी काढतो मी अक्षरं, समोरच्या कागदात बघून. आमची ही मोठ्या अक्षरात लिहून द्यायची, झालं की वाचून बघायची, आणि ती नसली की चुकायचं. शिक्षा कक्ष, शांतता राख — कसली खोडी आणि कसलं काय! लोक हसले, मी म्हटलं, केलीच मुद्दाम. चाळीस वर्षं मुद्दाम करतोय मी. आणि पोरगी सहा शनिवार पाटी घेऊन शिकवत होती, आणि मी? ‘क’ला शेपूट काढ, ‘ख’ला मिशा काढ. मन लावून शिकलो असतो तर एक नाव — एक नाव तरी —

घरी जाऊन विचारून यायला तास लागेल. फोन? घरात फोन एकच, आणि तो माझ्या खिशात आहे. म्हणून म्हणतो, तुम्ही चला. उठा. एवढी वर्षं शाळेत आहात, वर्गावर्गात सूचनांची वही फिरवता, तुम्हाला — मावशी? खाली काय बघताय? वही फिरवता ती... वाचतात ते शिक्षक. तुम्ही नुसतीच... आणि हे किल्ल्यांना रंगीत दोरे. सभागृहाचा हिरवा. कचेरीचा लाल. अरे देवा. तुम्हीसुद्धा?

नाही, नाही, हसत नाहीये. खरंच नाही. कुणाला नाही सांगणार. मी कुणाला सांगू?

थांबा — फाटकात कोण आहे? फेरी नाही, एकटीच बाई आहे. पिशवी घेतलेली. तीच आहे. आईच आहे. लवकर का आली? नाव बघायला आली असेल गर्दीच्या आधी... सगळ्या शाळेत आता वाचता येणारी ती एकटी! जाऊन विचारू तिला, ताई, जरा बोट ठेवता का?

गप्प बसा जरा, मला विचार करू द्या.

बारा आहेत. साचा माझा आहे, ओळखता येतो. बाराच्या बारा काळे करतो, आणि दहा कु. पण, तो साचाही माझाच. एकही ठेवत नाही. नुसती नावं राहतील, मागं काही नाही, पुढं काही नाही — कोण गेलेला आणि कोण असलेला कुणी सांगावं? अकरा घरची मंडळी अंगावर येतील, आमच्या वडिलांचा कै. कुठं गेला म्हणून, येऊ देत. मोठ्या बाई पुन्हा काम देणार नाहीत, न देऊ देत. कुणी विचारलं तर सांगा, म्हाताऱ्यानं खोडी काढली, मुद्दाम केली, त्याला तीच सवय आहे. लगेच पटेल सगळ्यांना.

तुम्ही जा. तिला बाकावर बसवा, पाणी द्या, पोरीचं विचारा, बोलतं ठेवा. माझं नाव काढू नका. आणि जाताना ते दार ओढून घ्या.