फिरकली न्हाय

इचलकरंजीच्या गाडीत माझ्या मागच्या सीटवर दोन पोरी बसल्या होत्या.

"आग लागू दे त्या सेटिंगला, मोने!"

"काय झालं, सौंदर्या?"

"ऑर्कुटवर आपण कुणाचं प्रोफाइल बघितलं की त्याला आपलं नाव दिसतंय. ते बंद कर म्हटलीस."

"मग? वीरेशचं स्थळ आल्यापास्नं तू रोज त्याचं बघत हुतीस की."

"बंद केलं, तर माझं कोण बघतंय तेबी मला दिसंना झालंय!"

"तसंच असतंय ते. पर त्याला काय कळलं न्हाय न्हवं?"

"काल त्याच्या आईनं आमच्या आईला फोन केला."

"काय म्हटल्या?"

"'पोरगी बरी हाय न्हवं? रोज आमच्या वीरेशला बघून जायची, सोमवारपास्नं फिरकलीच न्हाय!'"