बोडीच्या पाळीवरचा दगड

लेकहो, माझा जुना ब्लॉग आठवतो ना? जूनमध्ये त्याचा पासवर्ड सापडला आणि बारा वर्षांनी मी तो वाचत बसलो. त्यात एक पोस्ट निघाली: आमच्या एकोडी गावच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर एक दगड आहे, धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, सुरू करताना रोपांची पहिली जुडी त्याच्यासमोर ठेवतात. शुद्ध थाप! लिहायला काही सुचत नव्हतं म्हणून ठोकून दिली होती. पाळीवर दगड नव्हताच.

पुढच्या महिन्यात रोवण्यासाठी गावी गेलो. भर दुपारी माझी मोठीमाय, म्हणजे मोठ्या काकांची बायको, जुडी घेऊन पाळीवर चढली. तिथे अर्धा जमिनीत रुतलेला दगड, शेंदूर फासलेला.

मी म्हटलं, "मोठीमाय, हा कधीपासून?"

"तुया आज्याच्या येळेपासून. मी लगन होऊन आली तवाही असाच होता."

"अगं, हे तर मी मनानं बनवलं होतं!"

"तू कायले बनवशीन? काहीतरीच बोलून राहिला."

मला हसू आलं. कुणीतरी पोस्ट वाचून गावात पसरवली असेल, झालं. तेवढ्यात जुडी ठेवून ती म्हणाली, "चाल आता. मांगून तुया बापाच्या आवाजात कोणी बलावलं तं पलटून पाहू नको."

हे वाक्यही माझंच होतं, त्याच पोस्टसाठी लिहिलेलं. पण तेव्हा बाबा नुकतेच वारले होते, म्हणून ते मी कधी पोस्ट केलंच नाही. अजून ड्राफ्टमध्ये पडून आहे.

तुम्ही हसा. मी पाळ उतरेपर्यंत मान वळवली नाही.