निळ्या दोऱ्याची चप्पल

हनुवटी छातीला चिकटलेल्या भावाला घेऊन ताई दवाखान्यात बसली होती. ऑपरेशनच्या कागदावर सही करायला तो काही केल्या तयार नव्हता. पुढे खिडकीपाशी एक शिंपीकाका कारकुनाशी बोलत होते.

“ऑपरेशनआधी मला जेवण भरवायच्या, त्या मावशी कुठे भेटतील?”

“दिसायला कशा आहेत?”

“तोंड कधी दिसलंच नाही हो. माझी मान तेव्हा त्या बाकावरच्या दादांसारखीच होती. दिसायच्या त्या फक्त चपला. डावीचा पट्टा निळ्या दोऱ्यानं शिवलेला.”

“मग चपला बघत फिरा.”

“तीच तर पंचाईत आहे. आता आत सळ्या घातल्यात, मान खाली होत नाही.”

“काम काय होतं?”

“काम कसलं? पंधरा दिवस घास घास करून भरवलं त्यांनी, एकदाही कंटाळल्या नाहीत. समोर उभं राहून सांगावं म्हटलं, आता माझं मी जेवतो.”

ट्रॉली ढकलत आलेली बाई त्यांच्या मागेच थबकली.

“काका, मागे वळा,” भाऊ जमिनीकडे बघतच म्हणाला. “निळा दोरा आलाय.”

काका अख्खेच्या अख्खे वळले.

“अशा दिसता होय, मावशी.”

“कशा दिसतात गं, ताई?” भावानं हळूच विचारलं.

“सही कर आणि तूच बघ.”