इस्त्री विभागाच्या मागच्या दाराबाबत

जबाब देणारी : वय ४८ वर्षे, व्यवसाय परिचारिका, सरकारी दवाखाना. राहणार कालव्यापलीकडची वसाहत, पाण्याच्या टाकीसमोरची इमारत, दुसरा मजला.

मी आज समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी नवरा व सासूबाई यांच्यासह राहते. नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करतो. त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे दीर, त्याच इमारतीत आमच्या डोक्यावरच्या घरात राहतात. ते शहराबाहेरच्या रस्त्यावर असलेल्या कपडे शिवण्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. मी त्यांना भावोजी म्हणते. जबाबात तसेच लिहावे, म्हणजे मला बोलायला सोपे जाईल.

सदर कारखान्याच्या व्यवस्थापकांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे की, काल दुपारी मी कामगार बायकांना चिथावणी दिली, काम बंद पाडले, मालाचे नुकसान केले व मागच्या दाराचे कुलूप फोडायला लावले. त्याबाबत माझे म्हणणे पुढीलप्रमाणे आहे.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या दवाखान्यात उन्हाच्या रोग्यांना खाटा पुरल्या नाहीत. जमिनीवर गाद्या टाकल्या, पुढे गाद्याही संपल्या. त्या दिवसांत आमच्या डॉक्टर मॅडम मला हात धुता धुता म्हणाल्या, "सिस्टर, आपण नुसत्या सलाइनच्या बाटल्या लावत बसायचं का? हे लोक बरे होतात आणि त्याच भट्टीत परत जातात. बाहेर जाऊन कोणीतरी बोलायला हवं." तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी आम्ही बोलायला जातो. मॅडम, मी आणि शाळेत भूगोल शिकवणारे एक मास्तर. बस आगार, बाजार, बांधकामाच्या जागा, जिथे उभे राहू देतील तिथे. हवामान का बदलते आहे ते मास्तर सांगतात, शरीराचे काय होते ते मी सांगते. याचा आम्हाला कोणी मोबदला देत नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात ते हेच, असे माझ्या सासूबाईंचे मत आहे.

वसाहतीत मला थर्मामीटरबाई म्हणतात. मला राग येत नाही. भावोजी तर जेवायला खाली आले की सुरू करायचे, "वहिनी, पृथ्वीला ताप आलाय म्हणे. मग द्या की एखादी गोळी." सगळे हसायचे, मीही हसायचे.

गेल्या प्रभाग सभेत मी उभी राहून सांगितले की, आमच्याकडे येणारे सर्वांत जास्त रोगी पत्र्याच्या छपराखाली काम करणारे असतात. कोणत्याही कारखान्याचे नाव मी घेतले नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी भावोजींना केबिनमध्ये बोलावून, त्या बाई तुमच्या कोण लागतात, असे विचारले. संध्याकाळी भावोजी आमच्या दारात आले, आत आले नाहीत. म्हणाले, "सभा गाजवायची तर खुशाल गाजवा. पण माझ्या पोटावर पाय देऊन नको." त्यानंतर त्यांनी आमच्याशी बोलणे सोडले. जिन्यात मी दिसले की ते फोन कानाला लावायचे. फोन चालू नसायचा, हे मला दिसत होते.

गेल्या आठवड्यात ते आपण होऊन खाली आले. उभ्याउभ्याच सांगितले की, कारखान्यात बायका पडायला लागल्या आहेत. एक शिलाईवर पडली, एक जिन्यात. व्यवस्थापकांना विचारून दुपारच्या सुट्टीत माझे बोलणे ठेवतो. "पाणी प्या, एवढंच सांगा हवं तर. पण या," असे म्हणाले. नवऱ्याने त्यांना बसा म्हटले, ते बसले नाहीत.

काल मी व मास्तर कारखान्यात गेलो. मॅडमची दवाखान्यात पाळी होती. व्यवस्थापकांनी आम्हाला आधी केबिनमध्ये बसवले. तिथे इतके थंड होते की मास्तरांनी बाह्या खाली केल्या. व्यवस्थापकांचे बोलणे सभ्य होते. त्यांनी घातलेली अट अशी की, पाणी, सुती कपडे, स्वच्छता यावर बोलावे. छप्पर, खिडक्या आणि कामाचे तास यांवर बोलू नये. मास्तर वाद घालणार होते. मी त्यांना थांबवून हो म्हटले. एकदा आत जायला मिळू दे, असा माझा हिशेब होता. ही अट मी मान्य केली होती हे खरे आहे, ते लिहून घ्यावे.

बायकांना इस्त्री विभागात बसवले होते, कारण तिथे मोकळी जागा होती. ती जागा कशी आहे ते सांगते. वर पत्रा. खिडक्यांना आतून पुठ्ठे चिकटवलेले, पांढऱ्या कापडावर धूळ बसू नये म्हणून. इस्त्रीच्या टेबलांवरचे पंखे बंद, कापलेले कापड उडते म्हणून. वाफेचे पाइप उघडे. पाण्याची टाकी होती, पण एका बाईने मला हळूच सांगितले की, संडासला जायला चिठ्ठी लागते, म्हणून सकाळपासून कोणी पाणीच पीत नाही. समोरच्या दाराला माल भरायचा ट्रक मागून लावला होता, एक माणूस आडवा होऊन आत शिरेल एवढीच फट होती. मागच्या दाराला कुलूप होते.

मास्तर आधी बोलले. त्यांनी कोळसा आणि तेल जाळून हवेत साठत गेलेल्या वायूंचे सांगितले. जाड पांघरूण अंगावर घ्यायचे आणि मग घाम का येतो म्हणून विचारायचे, असे ते म्हणाले तेव्हा बायका हसल्या. नंतर मी माइक घेतला. मी सांगत होते की, पूर्वी आमच्याकडे भर दुपारी रस्त्यावर पडलेली माणसे यायची. आता घरात झोपलेली माणसे येतात. रात्रसुद्धा निवत नाही, त्यामुळे शरीराला सावरायला वेळ मिळत नाही, आणि तेच थकलेले शरीर घेऊन सकाळी आपण कामावर येतो.

इथवर आले असताना पुढच्या टेबलाशी बसलेल्या एका बाईंकडे माझे लक्ष गेले. त्या इस्त्रीवर काम करतात. बाकीच्या घामाने निथळत होत्या, यांचा चेहरा कोरडा व लाल होता. त्या आपली इस्त्री शोधत होत्या. इस्त्री त्यांच्या समोर होती. शेजारणीने हात धरला तर तिला त्यांनी आपली आई समजून हाक मारली. शेजारीण हसली, तिला थट्टा वाटली. मी माइक टाकून गेले आणि मानेला हात लावला. अठ्ठावीस वर्षे मी हे काम करते आहे. मला थर्मामीटरची गरज पडली नाही.

व्यवस्थापक तिथेच उभे होते. मी त्यांना म्हटले, रुग्णवाहिका बोलवा व यांना सावलीत मोकळ्या हवेत न्या. ते म्हणाले, "हे रोजचंच आहे, सिस्टर. थोडं पडू द्या, उठेल." तेवढ्यात त्या बाई खाली कोसळल्या व त्यांना झटका आला. मास्तरांनी रुग्णवाहिकेला फोन लावला.

मालाच्या नुकसानीबाबत सांगते. तिथे पांढऱ्या कापडाचे तागे रचून ठेवले होते. त्यातला एक मी ओढला, उलगडला, टाकीच्या पाण्यात बुडवून बाईंच्या अंगावर टाकला. कोरडा होऊ लागला की पुन्हा भिजवला, मग दुसरा घेतला. हे मीच केले. बायकांपैकी कोणीही आधी कापडाला हात लावला नाही, मी सांगितल्यावर त्यांनी धरून दिले. ते कापड बाहेरदेशी जाणार होते, हे मला आज इथे समजले. आधी समजले असते तरी मी तेच घेतले असते. तेच सगळ्यांत जवळ होते.

चिथावणीबाबत सांगते. तक्रारीत लिहिले आहे की, मी 'काम बंद करा' अशी घोषणा दिली. मी घोषणा दिली नाही. माइक मी पुन्हा उचलला, कारण गलका झाला होता व माझा आवाज पोहोचत नव्हता. माझे शब्द असे होते : "बायांनो, उठा. हिला हवा लागू द्या. इथेच बसून राहिलात तर दुसरी पडेल. मागच्या दाराने बाहेर चला." त्यात पृथ्वीचे किंवा मालकांचे नाव नव्हते.

मागच्या दाराबाबत सांगते. कुलूप फोडलेले नाही. ते किल्लीने उघडले गेले. ते आपण जाऊन पाहावे, त्यावर ओरखडासुद्धा नसेल. कोणी उघडले हे मला माहीत आहे. ते मी सांगणार नाही.

(याठिकाणी जबाब देणारी उठून दवाखान्यात फोन लावण्यासाठी बाहेर गेली. फोन लागला नाही. परत आल्यावर पुढे सांगितले.)

आपण विचारल्यावरून सांगते की, पृथ्वीच्या तापमानाचा व या कारखान्याचा संबंध आहे. उन्हाळा वाढवला तो या एका कारखान्याने नाही, हे मला कळते. पण बाहेर वाढलेला उन्हाळा आत कोणाच्या अंगावर पडतो, ते खिडकीचा पुठ्ठा ठरवतो, संडासची चिठ्ठी ठरवते. मास्तर आभाळाचे बोलतात. मी या दाराचे बोलते. दोन्ही एकच विषय आहे असे मी समजते.

आपण पुन्हा विचारले की दार कोणी उघडले, व न सांगितल्यास तो गुन्हा लपवणे होईल. मी समजले. माझे उत्तर तेच आहे.

यावेळी माझे दीर, जे सकाळपासून ठाण्याच्या आवारात उभे होते, ते खोलीत आले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. जबाब लिहून घेणाऱ्या अंमलदार बाईंनी बाहेर थांबायला सांगितले तरी ते टेबलाजवळ आले व म्हणाले, "लिहा. कुलूप मी उघडलं. किल्ली माझ्याकडेच असते, आग लागली तर म्हणून." मी म्हटले, "भावोजी, तुम्ही गप्प बसा. घरी जा." ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही काल बोललात. आज मला बोलू द्या."

आता त्यांनीच सांगितल्यामुळे मी पाहिले ते सांगते. बायका मागच्या दारापाशी जमल्या होत्या. भावोजी तिथे किल्ली हातात घेऊन उभे होते. व्यवस्थापक सगळ्यांसमोर म्हणाले की, ते दार उघडले तर उद्यापासून यायची गरज नाही. भावोजींनी तिथे बारा वर्षे काढली आहेत. त्यांची मुलगी पुढच्या महिन्यात शिकायला दुसऱ्या गावी जायची आहे. हे सगळे मला माहीत होते, त्यामुळे मी त्यांच्याकडे बघितले नाही. मी बाईंच्या अंगावर पाणी ओतत राहिले. मला फक्त कडीचा आवाज आला आणि मग वारा आला. गरमच होता, पण वारा होता. बायका बाहेर आल्या. बाईंना उचलून बाहेर नेले तेव्हा पायांकडची बाजू भावोजींनी धरली होती. रुग्णवाहिका येईपर्यंत ते हातातल्या पुठ्ठ्याने त्यांना वारा घालत होते. एका खिडकीचा पुठ्ठा त्यांनी केव्हा फाडला, ते मी पाहिले नाही.

रुग्णवाहिकेत मी सोबत गेले. त्यानंतर कारखान्यात काय झाले ते मला माहीत नाही. काल रात्री सासूबाईंनी दोन्ही घरांचा स्वयंपाक एकत्र केला.

जबाब चालू असताना डॉक्टर मॅडमचा फोन आला. अंमलदार बाईंनी घेऊ दिला, त्याबद्दल आभारी आहे. इस्त्रीवरच्या त्या बाई शुद्धीवर आल्या आहेत. मूत्रपिंडांचे अजून सांगता येत नाही, दोन-तीन दिवस जातील. त्या बोलतात, पण कालचे काही आठवत नाही. आपल्याला घाम का येत नव्हता, असे त्यांनी मॅडमना विचारले. ही बातमी मी भावोजींना सांगितली. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आपण माझ्यापुढे एक हमीपत्र ठेवले आहे, की यापुढे मी कोणत्याही कारखान्यात, आवारात अथवा सार्वजनिक जागी या विषयावर बोलणार नाही, व त्यावर सही केल्यास व्यवस्थापक तक्रार मागे घेण्याचा विचार करतील. मी ते दोनदा वाचले. मी त्यावर सही करत नाही. येत्या रविवारी बस आगारात चालक आणि वाहकांसमोर बोलायचे ठरले आहे. तिथे मी जाणार आहे. तक्रारीचे जे काही होईल त्याला मी हजर राहीन.

माझा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. एके ठिकाणी 'बायका पळून गेल्या' असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून 'बाहेर आल्या' असे केले. आता तो मी सांगितला तसाच आहे, म्हणून खाली सही करते. भावोजींचा जबाब शेजारच्या खोलीत वेगळा लिहून घेत आहेत. तो पुरा होईपर्यंत मी इथून हलणार नाही, हेही लिहून घ्यावे.